छातीवरच्या बारा जागा

सोनोग्राफीच्या जेलची बाटली निमियानं सकाळपासून स्वेटरच्या आत, पोटाशी धरून ठेवली होती. जुलै महिना होता, म्हणजे इकडचा ऐन हिवाळा, आणि वॉर्डातला हीटर स्वतःपुरतीच ऊब धरून बसला होता. गार जेल छातीला लागलं की तान्हं मूल दचकतं, दचकलं की व्हेंटिलेटरशी झगडू लागतं, आणि मग पडद्यावर जे दिसतं त्याचा भरवसा उरत नाही. बाटली कोमट झाली होती. निमियाचे हात मात्र गारच होते, आणि तिला एका जागी उभं राहवत नव्हतं.

मुलांचा अतिदक्षता विभाग आठ खाटांचा. आठही भरलेल्या. दर हिवाळ्यात हेच. आधी सर्दी, मग खोकला, मग छातीचा भाता. त्यातच ऊसतोडीचा हंगाम, रानोरान पाचट पेटलेलं, काळी राख उडत उडत इस्पितळाच्या खिडक्यांपर्यंत. खेड्यापाड्यांतून पोरं यायची ती ओठ निळे पडूनच. राजधानी असुन्सिऑन साडेतीन तासांवर, आणि तिथंही रांग लागलेली.

निमिया डॉक्टर नव्हती, फिजिओथेरपिस्ट होती. पोरांच्या छातीतला कफ सुटा करायचा, घशातली नळी साफ ठेवायची, डॉक्टर सांगतील तसा व्हेंटिलेटरचा जोर कमीजास्त करायचा, हे तिचं काम. दोन वर्षांपूर्वी ती आपल्या हक्काची रजा घालवून राजधानीत फुफ्फुसांची सोनोग्राफी शिकून आली. आल्यावर तिनं बाळंतिणींच्या वॉर्डात अडगळीत पडलेलं जुनं यंत्र मागून घेतलं. त्याचं एक चाक रुसलेलं होतं; ढकललं की यंत्र डावीकडेच तोंड फिरवायचं. पोरांच्या छातीवर, कुशीवर, पाठीवर प्रोब फिरवत ती जायची म्हणून सगळा वॉर्ड त्या यंत्राला इस्त्री म्हणायचा.

"आली बघा इस्त्रीवाली," हेडनर्स म्हणाली. "माझी पण घडी मोडलीय पोरी, जरा पाठीवरनं फिरव."

हेडनर्सचं वय साठीला टेकलेलं. सगळे तिला मानानं न्या ब्लासिदा म्हणत; न्या म्हणजे बाई. तिच्या हातात मातेचा, म्हणजे इथल्या कडवट पानांच्या चहाचा, गरम पेला होता आणि डोळे मात्र आठ मॉनिटरांवर. एरवी निमिया हसली असती. आज ती नुसतीच पुढं गेली.

दोन नंबरच्या खाटेवर येरुती होती, सात महिन्यांची. नऊ दिवस झाले होते तिला व्हेंटिलेटरवर. काल संध्याकाळी डॉक्टर ओस्मारनी तिच्या आईला, झुनिल्दाला, सांगितलं होतं की उद्या सकाळी नळी काढू. झुनिल्दानं रात्रीतून मेहुण्याला पिटाळून घरून लोकरीचं टोपडं आणवलं होतं.

निमियानं येरुतीच्या छातीवर जेल लावलं. दोन्ही बाजूंना सहा-सहा अशा बारा जागा. पुढं, कुशीला, पाठीमागं. वर आणि खाली. प्रत्येक जागेला शून्य ते तीन गुण. शून्य म्हणजे तिथलं फुफ्फुस हवेनं भरलेलं. पडद्यावर संथ आडव्या रेघा. पाणी साचलं की वरून खाली पांढऱ्या पट्ट्या उतरू लागतात, जितकं पाणी जास्त तितक्या त्या दाट, मग एक नाहीतर दोन गुण. आणि तीन म्हणजे हवाच नाही. फुफ्फुस खाटकाकडच्या काळजासारखं घट्ट. सगळ्याची बेरीज जितकी कमी तितकं मूल बरं. येरुती आली त्या दिवशी बेरीज सत्तावीस होती. आज अकरा.

"अकरा!" न्या ब्लासिदा मागून डोकावली. "मग काय, काढा की नळी. खालीही घाई आहे."

"खाली काय?"

"तुला कुणी सांगितलं नाही होय? सहा वाजता एक आलाय. चाळीस दिवसांचा. नळी घातलीय, पण व्हेंटिलेटर कुठाय? जे एक फिरतं यंत्र होतं ते रुग्णवाहिकेबरोबर असुन्सिऑनला गेलं रात्री. बाप फुगा दाबत बसलाय त्याचा. हातानं."

निमियानं घड्याळ बघितलं. सहापासून. आता साडेसात वाजले होते.

तेवढ्यात डॉक्टर ओस्मार आले. उंच, रुंद, आवाज भरड. तीस वर्षं याच वॉर्डात काढलेली. त्यांचा विश्वास आपल्या कानांवर आणि एक्स-रेवर. त्यांनी येरुतीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, मान डोलावली.

"चला, चाचणी घ्या. अर्ध्या तासानं नळी बाहेर, खाट रिकामी, खालचा वर."

चाचणी म्हणजे व्हेंटिलेटरची मदत जवळजवळ काढून घ्यायची आणि मूल आपल्या बळावर किती तग धरतं ते बघायचं. निमियानं जोर उतरवला आणि घड्याळाकडं बघत उभी राहिली. दहा मिनिटं. येरुतीचा रंग चांगला होता. वीस मिनिटं. ऑक्सिजन चौऱ्याण्णव. श्वास थोडा भरभर, पण फार नाही. खालून फोन आला, न्या ब्लासिदानं "होतंय, होतंय" म्हणून ठेवला. निमिया एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होती.

अर्ध्या तासानं तिनं पुन्हा प्रोब टेकवला. पाठीमागच्या खालच्या जागा आधी. तिथं मघाशी मोजक्या पट्ट्या होत्या. आता त्या एकमेकींत मिसळून पांढरा पडदा झाला होता. डाव्या कुशीलाही तेच. तिनं बेरीज केली. पुन्हा केली. सतरा.

बाहेरून मूल छान दिसत होतं आणि आतून फुफ्फुस मिटत चाललं होतं.

"डॉक्टर, आज नको."

"काय?"

"अकराचे सतरा झाले. अर्ध्या तासात. नळी काढली तर संध्याकाळपर्यंत दमेल."

ओस्मारनी मॉनिटरकडं बोट केलं. "चौऱ्याण्णव आहे. हसतीय जवळजवळ पोरगी. आणि तू मला तुझ्या रेघा मोजून दाखवतीयस?"

"थोडीफार मदत अजून आहे म्हणून चौऱ्याण्णव आहे."

"निमिया, खाली एक माणूस दोन तास हातानं पोराचा श्वास चालवतोय. त्याचा हात थांबला की पोर थांबलं. मला खाट पाहिजे. तुला पाहिजे का नको?"

"पाहिजे. पण हिची नाही."

"मग खाली जा आणि त्याला तू सांग. तुझ्या तोंडानं सांग."

एरवी निमिया इथं मान खाली घालून बाजूला झाली असती. आतापर्यंत ती तेच करत आली होती. पण आज तिचे पाय हलेनात आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते तिनं वर्षभर कुणाजवळ काढलं नव्हतं.

"लिसान्द्रो आठवतोय का डॉक्टर? गेल्या ऑगस्टमधला?"

ओस्मारच्या चेहऱ्यावरचा राग एकदम विरला. लिसान्द्रो दीड वर्षाचा होता. नळी काढल्यावर चार तासांत दमला, पुन्हा नळी घालताना त्याचं हृदय थांबलं, ते परत चाललं नाही.

"त्याचाही आकडा मी काढला होता," निमिया म्हणाली. "चाचणीनंतर. अठरा होता. माझ्या वहीत आहे अजून. मला कुणी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. वाटलं, मी कोण सांगणारी. घरी गेले, आणि सकाळी आले तर खाट धुऊन ठेवलेली."

न्या ब्लासिदानं मातेचा पेला खाली ठेवला. ओस्मारनी येरुतीच्या पायाचा अंगठा चिमटीत धरला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हे तू तेव्हा सांगायचं होतंस."

"हो."

"ठीक आहे. हिचा जोर पुन्हा वाढव." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "पण खाट? खाट कुठून आणू मी? झाडाला लागतात का खाटा?"

निमियानं येरुतीचा व्हेंटिलेटर पहिल्यासारखा केला, यंत्राची वायर गुंडाळली आणि ते रुसलेलं चाक ओढत लिफ्टकडं निघाली. खाली जाऊन काय सांगायचं हे तिला ठाऊक नव्हतं. वर थांबणं शक्य नव्हतं, एवढंच.

तातडीच्या विभागात पडद्यामागं तो बाप होता. हेनारो नाव त्याचं. उसाच्या फडातून तसाच आला असावा; नखांत काळी राख, पायांत चिखलाचे बूट. हातात फुगा. तो दाबत होता, सोडत होता, आणि ओठांनी मोजत होता. बाळाची आई बाकावर बसली होती, अंगावर पांघरूण, चेहरा कोरा.

पण खरी गडबड वेगळीच होती. बाळाचा, सिक्स्तोचा, ऑक्सिजन चौऱ्याऐंशीवर आला होता आणि उतरतच होता. तरुण डॉक्टर लिझ बाळावर वाकली होती, तिच्या हातात सुई होती.

"डावीकडं हवा जातच नाही," लिझ म्हणाली. "काही ऐकूच येत नाही. फुफ्फुस फाटून हवा बाहेर साठली असणार, काढायला हवी. एक्स-रेवाल्याला बोलावून पाऊण तास झाला."

"अर्धं मिनिट दे मला," निमिया म्हणाली.

"अर्धं मिनिट कुठाय?"

"यंत्र चालूच आहे. देच."

बाटलीतलं जेल तिनं थेट बाळाच्या छातीवर ओतलं. उजवीकडं फुफ्फुसाची रेघ श्वासागणिक सरकत होती, मुंग्यांची रांग चालल्यासारखी. डावीकडं ती गप्प होती. लिझनं सुसकारा टाकला, "बघ, म्हटलं ना मी," आणि सुई पुढं आणली.

"थांब!"

रेघ सरकत नव्हती, पण ती मेलेली नव्हती. नीट बघितलं तर ती बारीक थरथरत होती. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला एक थरथर. मध्ये हवा साठली असती तर ठोका तिथवर पोचलाच नसता. म्हणजे फुफ्फुस आपल्या जागी होतं, फाटलेलं नव्हतं. नुसतं उपाशी होतं.

"फुफ्फुस फाटलं नाही. नळी खोल गेलीय," निमिया म्हणाली. "सगळी हवा उजवीकडं चाललीय. मागं घे नळी. अर्धा सेंटिमीटर."

लिझनं तिच्याकडं पाहिलं. सुई बाजूला ठेवली. चिकटपट्टी सोडवून नळी अगदी हळू मागं घेतली. हेनारोनं फुगा दाबला. काहीच नाही.

"अजून थोडी. केसभर."

पुन्हा दाबला. आणि डावीकडची रेघ हलली. आधी अडखळत, मग सरळ, उजवीसारखी. चौऱ्याऐंशी. सत्त्याऐंशी. एक्क्याण्णव. त्र्याण्णव. लिझनं दोन्ही हातांनी नळी तशीच धरून ठेवली.

"काय झालं?" हेनारोनं विचारलं. दाबणं थांबलं नव्हतं. "मी चुकलो का? मी जोरात दाबलं का?"

"नाही हो. तुमचं अगदी बरोबर चाललंय. नळी सरकली होती, आता जागेवर आली."

"वर खाट झाली का लिसेन?" पदवी घेतलेल्या बाईला इथं लिसेन म्हणतात. तो मघापासून हा एकच प्रश्न मनात धरून बसला असावा.

निमियाला डॉक्टरांचे शब्द आठवले, तुझ्या तोंडानं सांग. "अजून नाही," ती म्हणाली. "ज्या मुलीची होणार होती ती आज तयार नाही."

हेनारोनं मान हलवली. चिडला नाही. "ती पण कुणाची तरी असंलच," एवढंच म्हणाला. "पण माझी बोटं आता मला कळंनाशी झालीत."

लिझनं एका परिचारिकेला त्याच्या जागी बसवलं. त्याला हात सोडवत नव्हता. बोटं फुग्याच्या आकाराचीच राहिली होती. निमिया त्याच्याकडं फार वेळ बघू शकली नाही. ती लिफ्टची वाट न बघता यंत्र खाली लिझजवळ ठेवून जिन्यानं वर धावली, आणि निम्म्या जिन्यावर सुचलं ते वर पोचताच तिनं ओस्मारना सांगितलं.

"डॉक्टर, मला सगळ्या आठही खाटा बघू द्या."

"बघून?"

"आपण येरुतीचीच गोष्ट धरून बसलोय, कारण तिचं कालच ठरलं होतं. बाकीच्यांचं कुणी आज बघितलं का?"

ओस्मार कोरडं हसले. "यंत्र कुठाय तुझं?"

यंत्र खाली होतं. परत जिना. परत ते चाक. न्या ब्लासिदानं लिफ्टचं दार पायानं अडवून धरलं आणि म्हणाली, "हे चाक मी एक दिवस तोडून तेरेरेच्या गार चहात घालून पिणार आहे."

एक नंबर, तेवीस. तीन नंबर, एकोणीस, आणि त्या मुलीला कालपासून ताप. चार नंबरच्या मुलाचं उजवं फुफ्फुस अजून घट्ट. एकेका खाटेशी निमिया वहीत आकडे मांडत होती आणि एकेका आकड्यासरशी तिची मान खाली जात होती. पाच नंबरवर एव्हेर होता, तीन वर्षांचा, न्यूमोनिया. येऊन चारच दिवस झालेले. काल त्यानं हातानं नळी ओढायचा प्रयत्न केला म्हणून झोपेचं औषध वाढवलं होतं. कालच्या एक्स-रेत उजवी बाजू खालून पांढरीफटक. त्याच्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती.

निमियानं प्रोब टेकवला. शून्य. शून्य. एक. शून्य. तिला आपलंच काही चुकतंय असं वाटलं. उजवीकडं खाली पाठीमागं पोचली तेव्हा तो घट्ट भाग दिसला, तीन गुणांचा, एक्स-रेतला. पण त्या घट्ट भागातल्या नळ्यांमधून हवेचे पांढरे ठिपके श्वासाबरोबर मागंपुढं पळत होते. बंद घरात कुणीतरी दिवा घेऊन फिरावं तसे. वाट मोकळी झाली होती. छाती आणि पोटामधलं श्वासपटलही जोरात वरखाली होत होतं, मुलाच्या स्वतःच्या बळानं.

बेरीज आठ.

"पाच नंबर," ती म्हणाली.

"डोकं फिरलंय का?" ओस्मार एक्स-रे उजेडात धरून आले. "हे बघ. हे बघून कुणी नळी काढतं?"

"एक्स-रे मागं राहतो डॉक्टर. पोर पुढं गेलंय. तुम्ही स्वतः बघा." तिनं प्रोब त्यांच्या हातात दिला.

दोन वर्षांत त्यांनी तो कधी हातात धरला नव्हता. आधी उलटा धरला. न्या ब्लासिदा खोकली, ते खोकणं हसू दाबल्याचं होतं. निमियानं त्यांच्या मनगटाला धरून प्रोब फासळ्यांच्या मधल्या फटीवर आणला. ओस्मार पडद्याकडं डोळे बारीक करून बघत राहिले.

"हे पळतंय ते?"

"हवा."

"आणि हे मी एक्स-रेत कसं बघणार?"

"नाहीच दिसणार. ते चित्र आहे. हे चालू आहे."

त्यांनी प्रोब ठेवला, हातावरचं जेल कोटाला पुसलं. "औषध बंद करा. जागा झाला की चाचणी. आधी आणि नंतर, दोन्ही आकडे मला पाहिजेत. एकापेक्षा जास्त वाढला तर नाही."

मग सुरू झालं ते वाट बघणं. एव्हेरला जाग यायला अकरा वाजले. तोवर निमिया तीनदा खाली जाऊन आली. हेनारो पुन्हा फुग्याशी बसला होता. परिचारिकेला दुसरीकडं हाक आली होती. त्याची बायको आता त्याच्या शेजारी उभी राहून मोजत होती, म्हणजे त्याला फक्त दाबायचं काम उरलं होतं. निमिया वर आली की दाराशी झुनिल्दा उभी, हातात टोपडं.

"काल म्हणालात आज काढू," झुनिल्दा म्हणाली. बावीस वर्षांची पोरगी, डोळे सुजलेले. "आज म्हणता नाही. आणि आता ऐकते की पाच नंबरवाल्याची काढताय. तो माझ्या पोरीच्या मागून आला. त्याची कुणाशी ओळख आहे का?"

"ओळख नाही गं."

"मग?"

निमियाला तिला आत घेऊन पडदा दाखवावासा वाटला, पण काय दाखवणार? "तुझ्या पोरीची छाती बाहेरून चांगली आहे, आत अजून ओली आहे," ती म्हणाली. "घाई केली तर परत नळी घालावी लागेल, आणि दुसऱ्यांदा घालणं फार वाईट असतं. मी बघितलंय. माझ्यावर चीड, चालेल. पण मला दोन दिवस दे."

"आणि दोन दिवसांनी पुन्हा दोन दिवस म्हणाल."

"कदाचित."

झुनिल्दा पाठ फिरवून गेली. निमियाला ते लागलं, पण लावून घ्यायला वेळ नव्हता.

एव्हेरची चाचणी झाली. आधी आठ, नंतर नऊ. ओस्मारनी दोन्ही आकडे मोठ्यानं वाचले, मग स्वतः छाती ऐकली, मग पुन्हा आकडे वाचले. साडेबाराला त्यांनी नळी काढली.

पहिली पाच मिनिटं सगळं ठीक. मग एव्हेरच्या घशातून आवाज यायला लागला. कोंबड्याच्या बांगेसारखा, श्वास आत ओढताना. घसा सुजला होता. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता. ओस्मारनी निमियाकडं पाहिलं.

"वाफेतनं ॲड्रेनॅलिन द्या," ते म्हणाले. "आणि नळीचा ट्रे उघडून ठेवा."

न्या ब्लासिदानं मास्क लावला. एव्हेर तो ढकलत होता, रडत होता, आणि रडलं की तो आवाज आणखी वाढायचा. निमियानं त्याला उचलून कडेवर घेतलं, वायरींसकट, आणि खाटेभोवती जेवढी वायर पुरेल तेवढ्यात येरझाऱ्या घालू लागली. तीन पावलं इकडं, तीन तिकडं. तिच्या मनात आकडेच आकडे चालले होते. आठ, नऊ, अठरा. आपण फुफ्फुसं बघितली, घसा कुठं बघितला? घसा या यंत्रानं तिला बघता येत नव्हता. हे सगळ्यांना सांगायला हवं होतं.

"फुफ्फुस नाही हे," ओस्मार तिच्या बाजूनं चालत म्हणाले. ते तिच्याशी बोलत होते की स्वतःशी, कळेना. "घसाच आहे. घसा उतरतो. दहा मिनिटं."

दहा मिनिटांत उतरला नाही. दुसऱ्यांदा वाफ दिली. बावीस मिनिटं झाली तेव्हा आवाज पातळ झाला, मग नुसती घरघर राहिली. एव्हेरनं निमियाच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि खरखरत्या आवाजात पाणी मागितलं.

"पाणी नाही राजा, अजून नाही," न्या ब्लासिदा म्हणाली आणि डोळे पुसायला म्हणून भिंतीकडं तोंड केलं.

तरीही ओस्मारनी लगेच खाट दिली नाही. अर्धा तास आणखी थांबले, स्वतः स्टूल घेऊन एव्हेरसमोर बसले. मग उठून म्हणाले, "याला कोपऱ्यातल्या खुर्चीशेजारी हलवा, नाकातून ऑक्सिजन. व्हेंटिलेटर पुसा. खालच्याला आणा."

सिक्स्तो वर आला तेव्हा दोन वाजून गेले होते. हेनारो ट्रॉलीबरोबर चालत फुगा दाबत आला, खाटेपर्यंत. निमियानं नळी व्हेंटिलेटरला जोडली, यंत्रानं पहिला श्वास दिला, छाती वर आली. "आता सोडा," ती म्हणाली. तो सोडेना. यंत्रानं आठ-दहा श्वास दिले, ते त्यानं मोजले, मग फुगा खाली ठेवला. बाहेर जाऊन तो भिंतीशी उकिडवा बसला आणि न्या ब्लासिदानं दिलेली चिपा, चीजची गोल भाकरी, त्याच्या हातातून दोनदा खाली पडली. तिसऱ्या वेळी तिनंच तुकडे करून त्याच्या तोंडात घातले.

सिक्स्तोचा आकडा त्या दुपारी एकतीस होता. इतका मोठा आकडा निमियानं त्या हंगामात पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तेहतीस. ओस्मारनी त्याला पालथं झोपवायचं ठरवलं, आणि या वेळी त्यांनी आधी विचारलं, "पाठीमागं किती आहे?" पालथं झोपवल्यावर पाठीमागच्या जागा एकेक करून उघडत गेल्या. सव्वीस. एकवीस. मध्येच एक दिवस पुन्हा पंचवीस; का ते कुणालाच कळलं नाही. निमिया त्या रात्री घरी जाऊन जेवली नाही.

येरुतीची नळी तिसऱ्या दिवशी सकाळी निघाली. चाचणीआधी सात, नंतर आठ. तिचं रडणं ऐकूच आलं नाही, नुसतं तोंड उघडलं आणि चेहरा लाल झाला. अकरा-बारा दिवसांच्या नळीनं आवाज बसला होता. झुनिल्दा घाबरली, मग न्या ब्लासिदानं सांगितल्यावर हसली आणि रडली, दोन्ही एकदम. निमियाशी ती बोलली नाही. चौथ्या दिवशी साध्या वॉर्डात जाताना मात्र दाराशी थांबून म्हणाली, "तुम्हाला शिव्या घातल्या मी. देवासमोर."

"ऐकल्या असतील त्यानं."

"परत घेतल्या."

एव्हेर आठवड्यात घरी गेला. सिक्स्तोला एकोणीस दिवस लागले. नळी निघाली तरी त्याला ऑक्सिजन लागतच होता, आणि ओस्मारनी आईबापांना स्पष्ट सांगितलं की पुढचा हिवाळा या पोराला सांभाळून काढावा लागेल, धुरापासून लांब. हेनारो ऐकून म्हणाला, "धूर तर आमचाच आहे डॉक्टर." तो मुलाला घेऊन बायकोच्या माहेरी, नदीपलीकडं गेला, तिथं ऊस नव्हता.

ऑगस्टच्या मध्यावर एका सकाळी निमिया वॉर्डात शिरली तर यंत्र जागेवर नव्हतं. ते सहा नंबरच्या खाटेशी होतं आणि ओस्मार वाकून एका नव्या मुलीच्या कुशीवर प्रोब फिरवत होते. जेल त्यांनी बाटलीतून तसंच गार ओतलं होतं, आणि मुलगी संतापानं लाथा झाडत होती.

"हे शून्य आहे की एक?" मान न वळवता त्यांनी विचारलं.

निमियानं पडद्याकडं पाहिलं. "दोन."

"दोन कसं? मला तर शून्य वाटतंय."

"तुम्ही फासळीवर धरलंय. खाली घ्या."

त्यांनी खाली घेतलं, बघितलं, पुटपुटले, पुन्हा वर नेलं. मुलगी रडत होती. निमियानं पिशवी खांद्यावरून काढलीही नाही. तशीच त्यांच्या शेजारी उभी राहून त्यांचा हात जागेवर येण्याची वाट बघू लागली.